ग्रीस म्हणजे दाट तेल नव्हे

सायकल पूर्ण खोलून, धुऊन पुन्हा जोडण्याच्या कामाला आपल्याकडे सर्रास ‘ओव्हरऑयलिंग’ म्हणतात. मूळ शब्द ‘ओव्हरहॉलिंग’ असला, तरी या अपभ्रंशात एक गैरसमज दडलेला आहे. सायकलची दुरुस्ती म्हणजे तिला तेल पाजणे, आणि जिथे तेल टिकत नाही तिथे तेच तेल दाट करून, म्हणजे ग्रीस म्हणून, थापणे, अशी पुष्कळांची समजूत असते. पाऊस ओसरला की खानापूर-जांबोटीच्या लाल चिखलातून आलेल्या सायकली बेळगावातील दुकानांसमोर उभ्या राहतात, आणि एकाच डब्यातील ग्रीस हबपासून, म्हणजे चाकाच्या मध्यभागापासून, चेनपर्यंत सगळीकडे फासले जाते.

वास्तविक ग्रीसमध्ये वजनाने साधारण 70 ते 95 टक्के तेलच असते. उरलेल्या भागात मुख्यतः साबण असतो; अंघोळीचा नव्हे, पण त्याच कुळातला. मेदाम्लाची सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया झाली की नेहमीचा साबण होतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याऐवजी लिथियम हायड्रॉक्साइड आणि एरंडेलापासून तयार केलेले मेदाम्ल घेतले की जो साबण मिळतो, त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू तेलात पसरून एकमेकांत गुंततात. समईतील वात जसे तेल धरून ठेवते, तसे हे जाळे तेलाला धरून ठेवते. फरक एवढाच की ही वात मोडते आणि पुन्हा वळली जाते. चाक थांबलेले असताना जाळे शाबूत असते, म्हणून ग्रीस ओघळत नाही. हबमधील छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, फिरू लागले की त्यांच्या वाटेतील तंतू प्रवाहाच्या दिशेने वळतात, काही तुटतात आणि तेवढ्या जागेतील ग्रीस पातळ होऊन वाहू लागते. चाक थांबले की बरेचसे तंतू पुन्हा गुंततात. पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक ग्रीस छर्ऱ्यांच्या वाटेतून बाजूला ढकलले जाते आणि तिथे बसून ते थोडे थोडे तेल पाझरत राहते. छर्रा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी यांच्यामध्ये उरणारा तेलाचा थर मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. सारी झीज रोखायची ती या थराने. लाल मातीतील क्वार्ट्झचा कण छर्ऱ्याच्या पोलादापेक्षाही कठीण असतो आणि या थरापेक्षा कितीतरी जाड असतो. तो आत शिरला की ग्रीस कितीही महाग असले तरी वाटीवर ओरखडे उठतातच.

पाण्याचा प्रश्नही या साबणातच सुटतो. सोडियमच्या साबणाचे ग्रीस पाण्यात कालवले जाते, त्यामुळे आपल्या पावसात ते निरुपयोगी ठरते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता जो पांढरट चोथा तरंगतो, तो कॅल्शियमचा साबण असतो. कपडे धुताना वैताग आणणारा हाच चोथा पाण्याला दाद देत नाही, म्हणून पाण्यात वापरायच्या ग्रीससाठी तो उत्तम ठरतो. सायकलच्या हबसाठी लिथियम किंवा कॅल्शियम साबणाचे, एनएलजीआय (ग्रीसची प्रमाणे ठरवणारी संस्था) क्रमांक 2 चे ग्रीस पुरेसे आहे. हा क्रमांक केवळ घट्टपणा सांगतो: ठरावीक घोटल्यानंतर 25 अंश सेल्सिअसला प्रमाणित शंकू त्यात 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुततो. डब्यावरील ‘नॅनो’ आणि ‘सिरॅमिक’ या अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही, कारण ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलचे चाक मिनिटाला जेमतेम 160 फेरे घेते.

जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन, रॉकेल वाळल्यावरच नवे भरावे. काही प्रकारचे साबण एकमेकांत मिसळले की दोन्ही जाळी विस्कटतात आणि मिश्रण पातळ होते.

स्वयंपाकघरातील तेल मात्र वापरू नये. करडईच्या तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट राळेसारखा थर तयार करतात, आणि खोबरेल तर बेळगावच्या थंडीत बाटलीतच गोठते. खंडेनवमीला सायकलला हळदकुंकू वाहून हार घालण्यास माझी हरकत नाही. पण पूजेमुळे सायकल वर्षभर दगा देणार नाही असे मानून हब न खोलणाऱ्यांच्या वाट्या खवल्यासारख्या सोलवटलेल्या मी पाहिल्या आहेत.

पायडल थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या दातेरी चक्राच्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या, आतील ज्या खिट्ट्यांना कारागीर ‘कुत्री’ म्हणतात, त्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगने उचलल्या जातात. तिथे मी एकदा अतिउत्साहाने हबचेच ग्रीस भरले होते. डिसेंबरच्या पहाटे ते इतके घट्ट झाले की कुत्री दात्यांत बसेनात आणि पायडल नुसतेच फिरू लागले. तिथे पातळ तेलच हवे. चेनलाही तेच लागते, कारण तिची झीज बाहेर नव्हे, तर पिन आणि तिच्याभोवतीच्या नळीमधील फटीत होते. त्या फटीत पातळ तेल केशाकर्षणाने शिरते, तर ग्रीस बाहेरच राहून धूळ गोळा करते. प्रत्येक कडीवर एक थेंब सोडून, थोडे पायडल फिरवून, वरचे तेल पुसून टाकावे.

सीटच्या दांड्याला लावायच्या ग्रीसचे काम निराळे आहे, कारण तिथे काहीच फिरत नसते. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा असेल आणि मध्ये पावसाचे पाणी शिरले, तर तिथे एक छोटा विद्युत घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम गंजते, गंज जास्त जागा व्यापतो आणि दांडा फ्रेममध्ये जाम बसतो. ग्रीसचा पातळ थर ते पाणी दूर ठेवतो. दांडा कार्बन फायबरचा असेल तर मात्र ग्रीसने तो घसरू शकतो. त्यासाठी बारीक खरखरीत कण असलेली वेगळी पेस्ट मिळते.

हब घट्ट केल्यावर कोनच्या, म्हणजे छर्रे वाटीत दाबून धरणाऱ्या शंकूसारख्या नटाच्या, कडेने ग्रीसची एक बारीक कडी बाहेर येते. ती लगेच पुसण्याची घाई करू नये, कारण पहिला चिखल तिथेच अडकतो. सायकल धुताना मात्र ती कडी फडक्याने बाहेरच्या बाजूला पुसून काढावी आणि पाण्याची जोरदार धार हबवर कधीही मारू नये.