कुठली वीज 'ग्रीन' धरायची, हे ठरलं कसं

महापे-तुर्भे पट्ट्यात ओपन ॲक्सेसने (महावितरण सोडून दुसऱ्या उत्पादकाकडून थेट) वीज घ्यायची म्हटलं की एक प्रश्न हमखास निघतो, ही वीज आरपीओत धरतील ना? आरपीओ म्हणजे ठराविक टक्के वीज रिन्यूएबलमधून घ्यायची सक्ती, महावितरणसारख्यांना तर आहेच पण स्वतःची वीज बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांनाही.

मूळ आहे २००३ च्या वीज कायद्यात. कलम ८६(१)(ई) राज्याच्या वीज नियामक आयोगाला सांगतं की कोजनरेशनला आणि रिन्यूएबलला प्रोत्साहन द्या. कोजनरेशन म्हणजे एकाच इंधनातून कारखान्याला लागणारी वाफ पण आणि वीज पण. आता ते कोजन कोळशावर चालत असेल तर? कलम त्यावर गप्प, आणि पुढची सगळी भांडणं तिथूनच.

महाराष्ट्रात २००६ मध्ये एमईआरसीने, म्हणजे आपल्या राज्य आयोगाने, सक्ती आणली, सुरुवात ३ टक्क्यांपासून. त्यावरून आपल्या शहाडची सेंच्युरी रेयॉन अपिलात गेली, म्हणणं असं की आमचं कोजन आहे, मग आम्हाला वर रिन्यूएबल कशाला विकत घ्यायला लावता. एप्रिल २०१० मध्ये विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणाने ते मान्य केलं, इंधन कुठलंही असो कोजनला संरक्षण आहे म्हणाले. मग कोळशावरचं कोजनही आरपीओत मोजा अशी मागणी आली, तर डिसेंबर २०१३ च्या लॉइड्स मेटलच्या निकालात सांगितलं की वितरण कंपन्यांवर तसली वीज घ्यायची सक्ती लादता येणार नाही. म्हणजे स्वतःला सूट, पण दुसऱ्याच्या कोट्यात जागा नाही. मला तरी हा तोडगा कायद्यापेक्षा तडजोडीचा वाटतो.

इंधनाचा हिशोब तर अजून किचकट. केंद्रीय आयोगाच्या २००९ च्या नियमांत बायोमास प्लांटला वर्षाच्या एकूण इंधनात १५ टक्क्यांपर्यंत कोळसा चालायचा (भुसा, काड्या बाराही महिने मिळत नाहीत ना), आणि दर महिन्याला किती इंधन घेतलं किती जाळलं याचं सीएने सही केलेलं स्टेटमेंट द्यायचं.

सगळ्यात गंमत पाण्याची. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देतंय, पण २५ मेगावॅटच्या वरचं म्हणून रिन्यूएबलच्या यादीत नव्हतं! मोठ्या धरणांची वीज रिन्यूएबल झाली ८ मार्च २०१९ ला, आणि तेव्हाही वेगळा हायड्रो कोटा काढला तो त्या तारखेनंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांपुरताच.