स्वस्त प्रोसेसरमधून काय कापलेलं असतं?

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, किंमत १४९ डॉलर. थोड्याच दिवसांत गेम खेळणाऱ्यांमध्ये बातमी पसरली की दीडशे डॉलरवाला सुद्धा ४५०वर पळतो, आणि बहुतेक गेममध्ये महागड्याच्या खांद्याला खांदा लावून पळतो. ‘बजेट गेमिंग प्रोसेसर’ नावाची जी काही परंपरा आहे, तिची सुरुवात मी इथून धरतो.

ही करामत कळायला आधी कापाकापीचा हिशोब समजून घ्यावा लागतो. प्रोसेसर बनवणारी कंपनी स्वस्त मालासाठी प्रत्येक वेळी वेगळं डिझाइन करत बसत नाही, ते परवडत नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप छापल्या जातात. काहींचा एखादा कोपरा सदोष निघतो, काही जास्त वेगावर टिकत नाहीत. सदोष भाग कायमचा बंद करून ती चिप खालच्या नावाने विकतात. गंमत पुढे आहे. उत्पादन सुधारलं की सदोष चिप कमी पडू लागतात, पण स्वस्त मालाची मागणी काही कमी होत नाही. मग चांगल्या, धडधाकट चिपसुद्धा मुद्दाम लंगड्या करून खाली ढकलल्या जातात. खरेदीदाराचं सगळं नशीब या दुसऱ्या प्रकारात दडलेलं.

एप्रिल १९९८मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमधून इंटेलने दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, पूर्णच काढून टाकली होती. टीका इतकी झाली की ३००एमध्ये १२८ केबी कॅश परत दिली, पण ती थेट चिपच्या आत आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची कॅश ५१२ केबी असली तरी ती निम्म्या वेगाने चालायची. राहिला वेग. बस म्हणजे प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणारा मार्ग. तिच्या वेगाला एका ठरावीक आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो. ३००एचा गुणक ४.५वर कुलूपबंद होता आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ. बस १००वर नेली की साडेचार गुणिले शंभर, झाले ४५०. बसचा कोणता वेग घ्यायचा हे मदरबोर्डला कळायचं ते प्रोसेसरच्या बी२१ या पिनेवरून. तो प्रोसेसर तेव्हा कार्ट्रिजसारखा उभा खोवायचा असे. ती एक पिन चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने झाकली, की मदरबोर्ड मुकाट शंभरचा वेग द्यायचा. अबिट कंपनीच्या बीएच६सारख्या मदरबोर्डवर तर तेही करायची गरज नव्हती, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आकडा बदलला की काम झालं.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या ड्युरॉन या स्वस्त प्रोसेसरने जून २०००मध्ये हाच खेळ आणखी सोपा केला. चिपच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या जोड्या होत्या, त्यांना एल१ ब्रिज म्हणत. कारखान्यात लेसरने त्यांच्यामधला सांधा तोडला की गुणक बंद. तिथे टोकदार पेन्सिल घासायची. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं, त्यामुळे तुटलेला सांधा जुळायचा आणि गुणक मोकळा. दोन रुपयांच्या पेन्सिलीने प्रोसेसरचा दर्जा वाढवता येण्याचे दिवस होते ते. अर्थात वॉरंटीवर पाणी सोडूनच.

२००३चा बार्टन गाभ्याचा ॲथलॉन एक्सपी २५००+ याच घराण्यातला. बस ३३३वरून ४००वर नेली की थेट ३२००+ या वरच्या मॉडेलच्या वेगाला. २००९ साली तर वेग नव्हे, अख्खे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, परत मिळू लागले. एएमडीचा फेनम टू एक्स२ ५५० हा दोन कोअरचा म्हणून विकला जायचा, पण आतली चिप चार कोअरची. ठरावीक चिपसेटच्या बोर्डवर बायोसमधला एक पर्याय चालू केला की झोपलेले दोन कोअर जागे व्हायचे. कधी चौघेही धडपणे काम करायचे, कधी विंडोज सुरू होतानाच मान टाकायचे. लॉटरीच ती, पण तिकीट स्वस्त होतं.

जानेवारी २०११मध्ये इंटेलने हे दार लावून घेतलं. सँडी ब्रिज पिढीपासून सगळ्या बसचं घड्याळ एकाच १०० मेगाहर्ट्झच्या स्रोतावर आलं. तो चार-पाच टक्के वाढवला तरी डिस्क जोडणारं साटा, यूएसबी सगळंच डळमळायचं. मोकळा गुणक उरला तो फक्त नावामागे ‘के’ असलेल्या महाग मॉडेलात. त्याच काळात एएमडीची एफएक्स मालिका एका कोअरच्या ताकदीत मागे पडली आणि स्पर्धाच संपली. पुढची सहा वर्षं इंटेलचा स्वस्त आय३ म्हणजे दोन कोअर, त्याच्या वरचा आय५ म्हणजे चार, हे समीकरण तसूभरही हललं नाही. बजेटवाल्यांसाठी इतका रटाळ काळ दुसरा नाही.

मध्ये एक झुळूक आली होती. २०१४मध्ये पेंटियम नावाला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलने मोकळ्या गुणकाचा जी३२५८ फक्त ७२ डॉलरला काढला. लोकांनी ३००एची आठवण काढत त्याच्यावर उड्या टाकल्या. पण नोव्हेंबरात फार क्राय ४ आला आणि दोन थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाचे दोनच धागे चालवणाऱ्या, या प्रोसेसरवर तो सुरूच होईना, नुसता काळा पडदा. कारण वर्षभरापूर्वी आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये आठ-आठ कोअर होते आणि गेम आता त्यांच्या हिशोबाने लिहिले जात होते. कितीही मेगाहर्ट्झ वाढवा, नसलेला कोअर कुठून आणणार? वेगाचे दिवस संपून कोअर-थ्रेडचे दिवस सुरू झाल्याची ही वर्दी होती.

२०१७ उजाडलं ते पेंटियम जी४५६० घेऊन. दोन कोअर, चार थ्रेड, ६४ डॉलर. म्हणजे आय३चंच पाणी जवळपास निम्म्या भावात. मार्चमध्ये एएमडीचे रायझन आले आणि एप्रिलमध्ये २१९ डॉलरचा रायझन ५ १६००, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा. ऑक्टोबरात इंटेलने आय३-८१००मध्ये निमूट चार कोअर दिले. सहा वर्षं जे ‘शक्य नव्हतं’ ते स्पर्धक उभा राहताच सहा-सात महिन्यांत शक्य झालं, हे मला अजूनही मजेशीर वाटतं. मेख एवढीच, की सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेचं, नाव तेच असूनही आय३-८१००ला नवा मदरबोर्ड लागायचा.

एएमडीच्या एएम४ सॉकेटने बाजी मारली ती इथे. २०२०मध्ये कंपनीने बी४५० या एएम४ मदरबोर्डना नवी रायझन ५००० मालिका चालणार नाही असं जाहीर केलं, ओरड झाल्यावर महिन्याच्या आत शब्द मागे घेतला, आणि २०२२मध्ये तर पहिल्या पिढीच्या बोर्डनाही ते मिळालं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे भाग घेऊन पीसी जोडणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १८ टक्के जीएसटी भरून घेतलेला बोर्ड चार-पाच वर्षांनी फेकावा लागत नाही.

२०२२मध्ये आलेल्या तीन स्वस्त प्रोसेसरांकडे बघताना कापाकापीचा तोच जुना हिशोब कामी येतो. आय३-१२१००एफ, सुमारे शंभर डॉलरचा, सहा कोअरच्या साच्यातले दोन बंद केलेला. शेवटचा ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्सही बंद, वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. रायझन ५ ५६०० आणि ५५०० नावाने भाऊ वाटतात, पण तसे नाहीत. ५५०० ही खरं तर लॅपटॉप घराण्यातली, आतलं ग्राफिक्स बंद केलेली चिप. कॅश ३२ऐवजी १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला जोडणारी वाट, चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीची. ही दुसरी गोष्ट दुकानातल्या कोटेशनवर कधीच नसते. त्यात कोणी सोबत रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं, की फसला. त्या कार्डाला मुळात या वाटेच्या चारच लेन, त्यांचाही वेग तिथे निम्मा होतो आणि कार्डाची चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. दोन्ही वस्तू स्वस्त, दोन्ही आपापल्या जागी ठीक, जोडी मात्र वाईट. कमी कोअरचा १२१००एफ गेममध्ये अनेकदा ५५००च्या पुढे राहतो.

आता कात्री प्रोसेसरवर कमी आणि भोवतालच्या खर्चावर जास्त चालवावी लागते. एएम४नंतरच्या एएम५ सॉकेटवरचा रायझन ५ ७५००एफ वेगाने सरस आहे, पण त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की प्रोसेसरवर वाचवलेले पैसे तिथेच गेले. घरात बी४५० बोर्ड आणि जुन्या डीडीआर४ रॅमची जोडी असेल तर बायोस अपडेट करून ५६०० टाकावा. व्हॅलोरंटसारखा गेम २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याने प्रोसेसरवर थोडं अधिक खर्चावं. साठ फ्रेमवर गोष्टीचे गेम खेळणाऱ्याला १२१००एफ पुरतो, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.