पाणवनस्पती व गोगलगायींचे मत्स्यालय

गोड्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाणवनस्पती आणि मृदुकाय संघातील जलचर गोगलगायी एकत्र वाढवण्याची पद्धत. मासे असलेच तर थोडे ठेवतात.

इतिहास : या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. फ्रेंच निसर्गअभ्यासक झान व्हीलप्रो-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसीना येथे काचेच्या पेट्यांत आर्गोनॉट या शीर्षपाद (ऑक्टोपसच्या गटातील) प्राण्याचा अभ्यास केला. ॲना थिन यांनी १८४६ च्या सुमारास लंडनमध्ये प्रवाळ जिवंत राखले. हे दोन्ही प्रयोग खाऱ्या पाण्यातले होते. गोड्या पाण्यातील वनस्पती, मासा व गोगलगाय यांचा परस्परसंबंध प्रथम मांडण्याचे श्रेय लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे १२ गॅलनचे (५४ लिटर) काचपात्र झऱ्याच्या पाण्याने निम्मे भरले आणि त्यात दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरियाचे (फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पतीचे) रोप ठेवले. रोप चांगले वाढले, पण जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले व काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी लिम्निया स्टॅग्नॅलिस जातीच्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व थर खाल्ल्यावर पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली. हे निरीक्षण १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचले गेले. पात्रात चुनखडीचे दगडही होते. ते माशांना आडोसा म्हणून मांडलेले असले, तरी शंखाला लागणारा चुना बहुधा त्यांतूनच मिळत असावा.

यातून ‘समतोल टाकी’ची, म्हणजे वनस्पती व प्राणी एकमेकांच्या गरजा आपोआप भागवतात अशा टाकीची, कल्पना रूढ झाली. तिचा पुढे अतिरेक झाला. टाकीतील प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, केवळ वनस्पतींपासून नव्हे, हे अमेरिकन मत्स्यतज्ज्ञ जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये ठासून सांगितले. म्हणूनच उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी.

मांडणी : ६० × ३० × ३६ सेंमी. टाकीची धारणक्षमता सुमारे ६५ लिटर असते, पण वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० लिटरच पाणी मावते. सर्व मिळून वजन ८० किग्रॅ.च्या घरात जाते. म्हणून खाली सपाट, भक्कम मांडणी व थर्मोकोलचा ताव हवा. १ ते ३ मिमी. जाडीची वाळू सुमारे १४ किग्रॅ. लागते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती धुवून पुढे ४ व मागे ७ सेंमी. असा उतार देतात. लोहासाठी तळच्या थरात थोडा जांभ्या दगडाचा चुरा मिसळता येतो. तो वर आला तर पाणी तांबडे होते. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडावी, म्हणजे उतार मोडत नाही.

व्हॅलिस्नेरियाचे मूळ वाळूत असावे, पण पाने फुटतात तो गड्डा उघडा राहावा. तो पुरला की सडतो. जावा फर्न व ॲन्युबियस यांचे आडवे खोड वाळूत न पुरता दगडाला दोऱ्याने बांधतात. क्रिप्टोकोराइन नव्या पाण्यात पाने गाळते. मूळ घट्ट असेल तर उपटू नये, महिन्याभरात नवी पाने येतात. ब्राह्मी व हायड्रिला सहज रुजतात. सह्याद्रीच्या पठारांवरचा वायतुरा ही पाणवनस्पती आणि कोकणातील ओढ्यांतली क्रिप्टोकोराइन कॉग्नाटा यांचे क्षेत्र फार मर्यादित आहे. ती रोपे निसर्गातून मुळीच आणू नयेत. दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. त्याहून जास्त ठेवल्यास शेवाळ माजते.

गोगलगायी लगेच सोडू नयेत. विष्ठा व कुजक्या पदार्थांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटात व त्याचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच गोगलगायी सोडाव्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटाने घालवतात.

चुना व आम्लता : खरी अडचण इथे आहे. वनस्पतींच्या वाढीसाठी शौकीन मंडळी कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. त्याने पाणी आम्ल होते आणि कॅल्शियम कार्बोनेटाचा शंख विरघळतो. पीएच (आम्लता दाखवणारा अंक; ७ च्या खाली पाणी आम्ल) ७ च्या खाली राहिला की प्रथम शंखाच्या टोकावर, म्हणजे सर्वांत जुन्या भागावर, पांढरे खड्डे पडतात. तिथले बाह्य आवरण झिजलेले असते. पडलेला खड्डा भरून येत नाही, मात्र पाणी सुधारल्यावर तोंडाकडची नवी कड गुळगुळीत वाढते. प्रकृती ओळखायची तर हीच कड पाहावी. पीएच ७.२ ते ८ व एकूण कठिनता (विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम क्षारांचे प्रमाण) लिटरला १२० ते १८० मिग्रॅ. असावी. मुंबईचे तलावांतून येणारे पाणी मृदू असते, दख्खनच्या विंधन विहिरींचे बहुधा कठीण. मृदू पाण्यात गाळणीत संगमरवराचे खडे घालतात किंवा वनौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस (माकुळाचे चुन्याचे अंतःकवच) सोडतात. तो प्रारंभी तरंगतो, भिजल्यावर बुडतो. तांबे मात्र गोगलगायींना घातक असते. मोरचूद किंवा ताम्रयुक्त औषध त्या टाकीत घालू नये.

जाती : मेलॅनॉइडीस ट्युबरक्युलेटा ही निमुळत्या शंखाची गोगलगाय दिवसा वाळूत शिरून ती हलवत राहते. मादी नराविना पिले देते, त्यामुळे एकही पुरते. नेराइट जातीच्या गोगलगायी काच उत्तम साफ करतात; त्यांची अंडी गोड्या पाण्यात उबत नाहीत. पोमॅसिया ब्रिजेसी म्हणून विकली जाणारी गोगलगाय बहुतेक वेळा पोमॅसिया डिफ्यूझा असते, असे आता मानले जाते. ती जिवंत पाने सहसा खात नाही. पोमॅसिया कॅनॅलिक्युलेटा आणि आपल्याकडील तळ्यांतली पायला ग्लोबोसा मात्र रोपे फस्त करतात. कॅनॅलिक्युलेटाच्या शंखाच्या वेढ्यांमध्ये खोल खाच असते.

तळ्यातून गोगलगायी आणणे धोक्याचे आहे. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही गुरांच्या रक्तपर्णकृमींची (रक्तात राहणाऱ्या परजीवी चपट्या कृमींची) मध्यस्थ पोशिंदी असून तिच्यातून निघणाऱ्या अळ्यांमुळे माणसाच्या त्वचेला खाज सुटते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५० नंतरच्या दशकात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा रोगाची (अशाच रक्तपर्णकृमींमुळे माणसाला होणाऱ्या रोगाची) नोंद झाली. फेरिसिया टेन्युइस ही टोपीसारखी चिमुकली गोगलगाय तिथे वाहक मानली गेली.

नको असलेल्या गोगलगायी बहुधा रोपांवरील अंड्यांतून येतात. रोपे तुरटीच्या पाण्यात (लिटरला एक मोठा चमचा) दोन-तीन तास बुडवून धुतली तरी सगळी अंडी मरतीलच असे नाही. संख्या भरमसाट वाढली तर कारण बहुतेक वेळा जास्तीचे खाद्य असते. खाद्य कमी करून रात्री काकडीची चकती ठेवावी व सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायी काढून घ्याव्यात. बाजूला पडलेली गोगलगाय मेलीच असे नसते. ती वास घेऊन पाहावी. मेलेली असेल तर दुर्गंधी येते. ती तत्काळ काढून टाकावी, अन्यथा लहान टाकीत एका दिवसात अमोनिया चढतो.