प्लॉटचा इसार देण्याआधी कागद तपासून घ्या
(आमच्या पक्षकारांसाठी माहिती)

प्लॉटची तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे बरेच जण इसार देऊन झाल्यावर येतात. तोवर पैसे समोरच्याच्या हातात गेलेले असतात आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. हेच कागद सौद्याच्या आधी दाखवले, तर पुष्कळ वेळा दाव्याची पाळीच येत नाही. म्हणून हे पत्रक.

नागपुरात प्लॉट म्हटला की पहिला प्रश्न असतो: ‘आर.एल. आहे का?’ शहराभोवतीच्या शेतांवर मंजुरी न घेता लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, घरेही उभी राहिली. असे भूखंड नियमित करण्याची वाट 2001 च्या गुंठेवारी कायद्याने मोकळी केली. शुल्क भरल्यावर नागपूर सुधार प्रन्यासकडून मिळणारे नियमितीकरण पत्र म्हणजे आर.एल. ‘डिमांड (शुल्क भरण्याची मागणी-नोटीस) निघाली आहे, आर.एल. होऊनच जाईल’ असे दलाल सांगेल. डिमांड म्हणजे आर.एल. नव्हे. आर.एल. हातात असला तरी त्यावरचे नाव, मौजा, खसरा क्रमांक आणि प्लॉट क्रमांक विक्रीपत्राशी जुळवून पाहावे लागतात. शिवाय आर.एल. मालकी सिद्ध करत नाही. भूखंड नियमित झाला एवढेच तो सांगतो. याच एका गैरसमजाने किती कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकली आहे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो.

मालकी ठरते कागदांच्या साखळीवरून. आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात साधारण मागच्या 30 वर्षांचा शोध घेतो. एकच प्लॉट दोघांना विकला असेल किंवा बँकेकडे गहाण असेल, तर बहुधा इथेच कळते. जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदींसाठी तिथे प्रत्यक्ष जाऊन बसावे लागते, म्हणून वेळ लागतो. शहरात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि बाहेर सातबारा व फेरफार पाहतो. सातबारा तुम्हीही काढू शकता. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल तर लगेच सांगा, कारण तिथे भाडेपट्टा आणि त्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात.

वडिलोपार्जित जमिनीत आम्ही बहिणींबद्दल हमखास विचारतो. विकणारा म्हणतो, ‘त्यांचे लग्न झाले, त्यांचा काही संबंध नाही.’ संबंध आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला जन्मतः मुलाइतकाच वाटा दिला, आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असणे गरजेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर आम्ही सौदा थांबवायला सांगतो.

नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि नोटरी केलेल्या सौदाचिठ्ठीवर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल याबाबत स्वच्छ आहे. विक्रीपत्र नोंदवायलाच हवे, आणि तेही सही झाल्यापासून 4 महिन्यांत. नवा लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्लॉटवर प्रत्यक्ष जा, चतुःसीमा पाहा, शेजाऱ्यांना विचारा. ताबा दुसऱ्याचाच निघाला, तर कागद कितीही चोख असले तरी पुढे कोर्टाची पायरी आहे.

येताना मिळतील ते सगळे कागद आणा, झेरॉक्स चालेल. मूळ प्रती आमच्याकडे ठेवू नका. शोधाची फी कामाआधी ठरते आणि तिची पावती मिळते. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही; तसे कोणी सुचवले तर नकार द्या.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन 15100, शुल्क लागत नाही.