बायोप्सीच्या कागदापासून पहिल्या सलाइनपर्यंत

स्तनाच्या गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा (बायोप्सीचा) कागद हाती येतो आणि घरात सगळ्यात आधी त्यातला एक आकडा वाचला जातो. कागदावर ‘इन्व्हेझिव्ह कार्सिनोमा, ग्रेड ३’ असं असतं, आणि संध्याकाळपर्यंत नात्यागोत्यात बातमी पोचते ती ‘तिसऱ्या स्टेजचा निघाला’ अशी. ग्रेड आणि स्टेज यांची ही गल्लत फार छळते. पेशी मूळ स्तनपेशींपेक्षा किती बदलल्यात आणि किती भराभर वाढताहेत, हे ग्रेड सांगते. ती १ ते ३ एवढीच असते, चौथी नसतेच. आजार कुठवर गेलाय हे सांगते ती स्टेज: गाठ किती सेंटिमीटरची, काखेतल्या गाठींत पोचला का, हाडं, फुप्फुस, यकृत मोकळं आहे का. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजची असू शकते. नुसत्या बायोप्सीवरून स्टेज ठरत नाही. फोन लावण्याआधी एवढं समजून घेतलं तर अर्धी रडारड टळते.

या कागदापासून पहिल्या उपचारापर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. बाईला वाटतं, आत काहीतरी रोज पसरतंय आणि आपण नुसते बसलोय. स्तनाची गाठ हाताला लागण्याआधी बहुतेक वेळा कित्येक महिने, कधी वर्षं वाढत आलेली असते. नीट तपासण्यांसाठी गेलेले पंधरा दिवस चित्र बदलत नाहीत. महिनोन्‌महिने घालवले तर मात्र नक्की बदलतं. सुई घातल्यामुळे कॅन्सर पसरतो ही भीतीही मनातून काढून टाका. सुईनं तुकडा काढल्यामुळे रुग्णाचं आयुष्य घटतं असं आढळलेलं नाही. खरं नुकसान होतं ते ‘आधी गाठ काढून टाका, मग बघू’ या घाईनं.

कारण उपचारांचा क्रम गाठीच्या स्वभावावर ठरतो, आणि तो स्वभाव सांगते आयएचसी ही तपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं केंद्रक तपकिरी रंगलं, तर ती पेशी ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे स्त्रीसंप्रेरकांवर पोसली जाणारी. शंभरात एका पेशीचं केंद्रक रंगलं तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात. हर-टू हे पेशीच्या कडेवरचं प्रथिन, त्यामुळे त्यात रंग कडेवर चढतो आणि त्याला ०, १+, २+, ३+ असे गुण मिळतात. ०, १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ हे अर्धवट उत्तर असतं, त्यासाठी फिश नावाची पुढची चाचणी लागते. कागदावर २+ असेल आणि फिश केलीच नसेल, तर उपचार सुरू होण्याआधी ती मागून घ्या. गाठ हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असेल आणि दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेत पोचली असेल, तर बहुतेकदा आधी किमो आणि मग ऑपरेशन असा क्रम असतो. गाठ जागेवर असताना औषध लागू पडतंय का हे दिसतं, स्तन वाचायची शक्यता वाढते, आणि ऑपरेशनमध्ये काही उरलेलं सापडलं तर पुढचं औषध बदलता येतं. आधीच गाठ काढली की हे सगळं कळायचा रस्ता बंद होतो.

आयएचसीचं उत्तर चुकतं ते बऱ्याचदा प्रयोगशाळेत शिरण्याआधीच. छोट्या नर्सिंग होममध्ये काढलेला तुकडा डबीत घालून नातेवाइकाच्या हाती देतात आणि तो नागपुरात धंतोली-रामदासपेठेत लॅब शोधत फिरतो. डबीत सलाइन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी असेल तर पेशी कुजायला लागतात. तुकडा काढल्यापासून तासाभरात दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, जायला हवा, फॉर्मालिन तुकड्याच्या साधारण दहापट हवं, आणि त्यात तो किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. शनिवारी काढला आणि मंगळवारी संध्याकाळी पोचला, की मुदत टळली. अशा तुकड्यात ईआर खोटंच निगेटिव्ह येऊ शकतं. मग ज्या बाईला संप्रेरकाला रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या रोज २० मिलिग्रॅमच्या स्वस्त गोळीचा पाच-दहा वर्षं आधार मिळाला असता, तिला ती गोळी कुणी लिहूनच देत नाही. म्हणून डबी हाती घेताना विचारा: यात फॉर्मालिन आहे ना, आणि तुकडा किती वाजता काढला? ती वेळ फॉर्मवर लिहून घ्या.

तपासणीनंतर तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर नुसता कागद पुरत नाही, ब्लॉक आणि काचपट्ट्याही लागतात. लॅबमध्ये सही करून त्या मिळतात. मात्र मे महिन्यात ही पाकिटं बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे मेण ५५-६० अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीला तिथवर तापायला वेळ लागत नाही.

किमो आधी ठरली असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: गाठीत क्लिप टाकणार का? ही धातूची बारीकशी खूण सोनोग्राफीत बघून सुईनं गाठीत सोडतात. किमोनं गाठ पूर्ण विरघळली तर पुढे सर्जननं नेमकं कुठून कापायचं, हे त्या खुणेवरूनच कळतं. राहून गेलं तर वाचवता आला असता तो स्तन काढायची पाळी येऊ शकते. छोटं काम आहे, पण वेळ निघून गेल्यावर ते करता येत नाही.

पेट-सीटी, म्हणजे आजार अंगात कुठे पसरलाय का हे दाखवणारी स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. लहान गाठ, काख मोकळी आणि काही त्रास नाही, तर ती टाळता येते. लागलीच तर चार ते सहा तास उपाशीपोटी जायचं, साखर २०० च्या खाली हवी, आणि स्कॅनआधीच्या किरणोत्सर्गी इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं. त्या दिवशी घरातल्या तान्ह्या मुलांना आणि गरोदर सुनेला काही तास लांब ठेवा. किमोआधी रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांसोबत हिपॅटायटिस बी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का ते बघा. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही दोन्ही औषधं हृदयावर ताण देतात आणि दबून असलेला हिपॅटायटिस किमोत उसळी मारतो. किडका दात असेल तर आत्ताच दाखवा, मधे किमोनं रक्तातल्या पेशी घसरल्यावर दात काढता येत नाही. मूल हवं असेल तर तेही पहिल्या सलाइनच्या, म्हणजे पहिल्या किमोच्या, आधीच बोला. नंतर बोलून उपयोग होत नाही.

पैशाचं कामही याच दिवसांत करायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा कागद घेऊन जा. हेल्पलाइन १५५३८८ आहे. मंजुरी उपचाराआधीच घ्यावी लागते. आधी खिशातून किमो घेतली आणि मग बिल लावलं, असं चालत नाही. आपल्या नेमक्या औषधांपैकी काय बसतं, काय बाहेरून आणावं लागेल, हे पहिल्याच दिवशी विचारा. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानचं एम्स, शासकीय मेडिकल कॉलेज, यांपैकी कुठेही गेलात तरी एकदा सुरू केल्यावर मधेच जागा बदलू नका. डोसचा हिशेब तुटतो.

गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे साधा थर्मामीटर. किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की ती तातडीची वेळ. तापाची गोळी घालून सकाळची वाट बघायची नाही, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गावापासून रात्री उघडं असलेलं, हे करू शकणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आधीच शोधून ठेवा आणि तिथल्या डॉक्टरसाठी आपल्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घ्या.

पेशी वाढवायचं ‘बूस्टर’ इंजेक्शन दिलं असेल तर ते किमोनंतर २४ तास उलटल्यावर घ्यायचं असतं. घरी नेताना ते २ ते ८ अंशांत राहायला हवं, ४५ अंशांच्या दुपारी ही मोठी अडचण. औषधवाल्याकडून बर्फाच्या पिशव्या आणि थर्माकोलचा डबा घ्या, पण इंजेक्शन थेट बर्फाला टेकू देऊ नका, मधे रुमालाची घडी ठेवा. गोठलेलं इंजेक्शन वाया जातं. ते घेतल्यावर कंबर आणि हाडं दुखतात, कारण मज्जेत पेशी जोरानं तयार होत असतात. आजार हाडांत गेला असं समजून घाबरू नका.

खाण्यापिण्यावरून घराघरांत वाद होतात. संत्री बंद करायची गरज नाही. साल काढून खायचं फळ, उलट सोयीचं, तोंड आलं असेल तेव्हा झोंबतं एवढंच. सावजी रस्सा, उघड्यावरची पाणीपुरी, चिरून ठेवलेलं कलिंगड मात्र काही महिने बाजूला ठेवा. अश्वगंधा, हळदीच्या गोळ्या, कुणी दिलेला काढा चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. यकृतावर आधीच ओझं असतं.

आणि मनाचं. बऱ्याच घरांत नवरा आणि मुलगा केबिनबाहेर डॉक्टरांना गाठून म्हणतात, ‘तिला सांगू नका.’ तिला ते कळतंच, फक्त विचारायची सोय राहत नाही. स्तन ठेवायचा की काढायचा हा निर्णय तिचा आहे. गाठ योग्य असेल तर स्तन वाचवून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तितकंच मिळतं, हे वीस-वीस वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांनी दाखवलंय. प्रश्न वहीत लिहून न्या, सोबत एकाच माणसाला ठेवा आणि लिहून घ्यायचं काम त्याचं. शेजारणीच्या नणंदेचं काय झालं हे ऐकवायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवायचं कामही त्याचंच. रात्र रात्र झोप लागत नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यावर उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

पहिल्या सलाइनच्या दिवशी पुढून उघडणारा, सैल बाह्यांचा ब्लाउज किंवा कुर्ता घाला आणि हलकं खाऊन जा. उलटीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याआधीच, लिहून दिलेल्या वेळेला घ्या. सुईच्या जागी जळजळ किंवा सूज आली तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर कातडी आतून भाजते, तिथे सहनशीलता दाखवायची नाही. हे औषध लाल असतं, म्हणून घरी गेल्यावर लघवी लाल होते. ते रक्त नसतं, एक-दोन दिवसांत रंग जातो.