फिशफाइंडर

होडीच्या तळाखाली ध्वनीचे ठोके सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून पाण्याची खोली, तळाचा पोत आणि मधल्या पाण्यातील मासे दाखवणारे यंत्र. मराठीत याला मासेशोधक म्हणता येईल. वापरणारे फिशफाइंडरच म्हणतात, आणि काही जण नुसते ‘सोनार’. (हा दागिने घडवणारा सोनार नव्हे, ध्वनीने दिशा व अंतर ठरवण्याच्या तंत्राच्या इंग्रजी नावातली अक्षरे जोडून हा शब्द झाला आहे.) लहान होडीवर यंत्राचे ठळक भाग दोनच : पाण्याला टेकलेला ट्रान्सड्यूसर आणि चालकासमोरचा स्क्रीन. नवख्याचे लक्ष आणि पैसे दोन्ही स्क्रीनवर जातात. यंत्र नीट चालणार की नाही, हे मात्र ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवला यावर ठरते.

कार्यतत्त्व

ट्रान्सड्यूसरच्या पोटात दाबविद्युत सिरॅमिकची चकती असते. विजेचा स्पंद मिळाला की ती थरथरते व पाण्यात ध्वनी सोडते. परतलेला ध्वनी तिच्यावर आदळला की तीच उलट वीज निर्माण करते. तोंड आणि कान एकच. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तळ १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटरचा प्रवास २० मिलिसेकंदांत उरकतो. यंत्र मोजते ती ही वेळ. खोली हा तिच्यावरून केलेला हिशेब. पाणी गोडे आणि गार असेल तर ध्वनीचा वेग कमी होतो. सुमारे ५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो सेकंदाला १,४३० मीटरच्या आसपास येतो. अशा पाण्यात १,५०० धरून हिशेब करणारे यंत्र १० मीटर दाखवत असेल, तर खरी खोली साडेनऊच असते. उथळ पाण्यात तळ घासू नये म्हणून यंत्राकडे पाहणाऱ्याला ही चूक नेमकी नको त्या बाजूची आहे. म्हणून सेटिंगमध्ये गोडे की खारे पाणी हा पर्याय असेल, तर तो पहिल्याच दिवशी निवडावा.

ध्वनी परततो तो दोन माध्यमांच्या सीमेवरून, आणि त्या माध्यमांत जितका फरक तितका प्रतिध्वनी जोरकस. पाणी आणि हवा यांच्यातला फरक इतका प्रचंड आहे की त्यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी माघारी फिरतो. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्यासारखेच. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः येतो तो त्याच्या पोटातल्या वाताशयावरून, म्हणजे तरंगण्यासाठी बाळगलेल्या हवेच्या पिशवीवरून. शार्कला वाताशय नसतो. त्यामुळे बोटभर माशांचा थवा स्क्रीनवर ठसठशीत उमटतो आणि त्याहून कितीतरी मोठा शार्क फिकट रेघ सोडून निघून जातो. रेघेच्या जाडीवरून माशाचे वजन सांगणाऱ्याचे म्हणणे यासाठीच जपून घ्यावे.

हीच हवा ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी आली की सगळा खेळ बिघडतो. बुडबुड्यांचा पातळ पडदासुद्धा ध्वनीला खाली जाऊ देत नाही. मासा दिसतो तो हवेमुळे आणि दिसेनासा होतो तोही हवेमुळे; यंत्र बसवण्याचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

इतिहास

दोरीच्या टोकाला शिसे बांधून खोली वावांत मोजण्याची रीत फार जुनी. प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या कल्पनेला जोर आला तो १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर. जर्मनीच्या अलेक्झांडर बेमने १९१३ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ याने क्वार्ट्झच्या स्फटिकाने पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडून दाखवला. आजच्या ट्रान्सड्यूसरचा तो पूर्वज. खोली मोजताना मधेच उमटणारे ठिपके म्हणजे मासे आहेत, हे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्पष्ट झाले. नॉर्वेच्या ऑस्कर सुन्ड याने कॉड माशांच्या थव्याच्या नोंदी १९३५ मध्ये प्रसिद्ध केल्या. मासेमारांसाठी म्हणून यंत्र बाजारात आणले ते जपानमधील नागासाकी प्रांतातल्या फुरुनो बंधूंनी, १९४८ मध्ये. मासे असतात तिथे बुडबुडे असतात, हे एका अनुभवी मासेमाराचे बोल त्यांच्या डोक्यात बसले होते, असे सांगतात. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या छोट्या होड्यांपर्यंत यंत्र पोचले ते ट्रान्झिस्टरमुळे, १९५०च्या दशकाच्या अखेरीस.

वारंवारता आणि शंकू

सामान्य यंत्रे ५०, ८३ किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतात. तळाचे छायाचित्रासारखे दृश्य देणारी ४५५ वा ८०० किलोहर्ट्झवर. वारंवारता जितकी जास्त तितका तपशील बारीक, पण ध्वनी पाण्यात लवकर विरतो. लहान होडी बहुधा उथळ पाण्यातच फिरते, तिला २०० पुरते. चर्प पद्धतीत एकाच सुराऐवजी खालून वर चढत जाणारी तान सोडतात. त्यामुळे जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात : ०.१ मिलिसेकंदाच्या साध्या स्पंदात साडेसात सेंटिमीटरहून कमी अंतरावरचे दोन मासे एकच ठिपका होतात, तर ५० किलोहर्ट्झ रुंदीच्या तानेत हे अंतर दीड सेंटिमीटरवर येते.

ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो, ६० अंशांचा साडेअकरा मीटर. शंकूची कड मात्र चाकूने कापल्यासारखी नसते, ध्वनी कडेकडे क्षीण होत जातो.

बसवणे

लहान होडीवर सर्वांत प्रचलित जागा म्हणजे पिछाडीची उभी फळी, ट्रान्सम. तिथली नेमकी जागा घरात बसून ठरत नाही. दुसऱ्याला सुकाणूवर बसवून होडी नेहमीच्या वेगाने पळवावी आणि फळीमागून सुटणारे पाणी पाहावे : काही पट्टे पांढरे, फेसाळ असतात, तर काही काचेसारखे सलग. ट्रान्सड्यूसरची जागा काचेच्या पट्ट्यात. तळावरच्या उभ्या पट्ट्या, रिव्हेटच्या ओळी, पाणी आत घेणारी भोके यांच्या मागे बुडबुड्यांची शेपटी लागते. त्या रेषेत काही बसवू नये. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यापासून किमान ४० सेंटिमीटर दूर राहावे. ज्या बाजूला पंख्याची पाती खाली उतरतात ती बाजू बरी. मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या पंख्याला ती उजवी.

उंचीसाठी तळाला सरळ पट्टी टेकवून ती मागे काढावी. फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसरचे तोंड पट्टीच्या सुमारे ३ मिलिमीटर खाली हवे, ॲल्युमिनियमच्या होडीत सुमारे १० मिलिमीटर. वर राहिला तर तो फेसात, फार खाली गेला तर स्वतःच फेस करतो आणि मागे पाण्याचा तुरा उडवतो. तोंड पाण्याच्या पातळीला समांतर असावे. होडी ट्रेलरवर किंवा काठावर तिरकी उभी असताना डोळ्यांच्या अंदाजाने हे ठरवले की हमखास चुकते.

भोक पाडताना ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीची खूण करावी, म्हणजे फळीच्या आरपार जायला नको. फायबरवर भोकाचे तोंड आधी किंचित रुंद केले की वरचा चकचकीत थर तडकत नाही. प्रत्येक स्क्रू सागरी सीलंटमध्ये बुडवून आवळावा. हे काम आळसाने केले तर पाणी फळीच्या गाभ्यातल्या लाकडात मुरते, आणि वर्षभर कळतही नाही. होडीला भोक पाडायचे जिवावर येत असेल तर आधी एक प्लास्टिकची फळी चिकटवून तिच्यात स्क्रू घालतात. अनेकांना हे जास्तीचे काम वाटते. पहिल्याच प्रयत्नात जागा बरोबर निघत नाही हे पाहता ते शहाणपणाचे आहे.

दुसरा मार्ग होडीच्या आतून, तळाला चिकटवण्याचा. तो फक्त भरीव फायबरला लागू पडतो. मधे लाकूड वा फोम असेल तर ध्वनी तिथेच विरतो. पक्के चिकटवण्याआधी एक चाचणी करून पाहावी : पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर ठेवून पाणी भरावे, पिशवीचे तोंड केबलभोवती बांधावे, तळावर थोडे पाणी ओतून पिशवी त्यात टेकवावी आणि स्क्रीन पाहावा. जिथे पाण्याचा तळ ठसठशीत दिसेल तिथे इपॉक्सी. ती सावकाश ढवळावी आणि ट्रान्सड्यूसर जरा फिरवत दाबावा, कारण आत अडकलेला एक बुडबुडा कायमचा आंधळा डाग होऊन बसतो. थोडी संवेदनशीलता गमवावी लागते आणि पाण्याचे तापमान मिळत नाही. बदल्यात बाहेर काहीच लोंबत नाही.

तळाला आरपार भोक पाडून बसवण्याचा तिसरा प्रकार लहान होडीला क्वचितच लागतो. तिथे धातूंचा मेळ सांभाळावा लागतो : ॲल्युमिनियमच्या होडीत ब्राँझचे नळकांडे घातले की खारे पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकते, आणि लाकडी होडीत प्लास्टिकचे नळकांडे फुगणाऱ्या लाकडाच्या दाबाने फुटू शकते. भाड्याच्या होडीसाठी दांड्यावर किंवा शोषण-चकतीवर बसणारे ट्रान्सड्यूसर मिळतात. दोरीने बांधून ठेवावेत, चकती सुटतेच.

वीज आणि केबल

यंत्राला थेट बॅटरीकडून स्वतंत्र वायर द्यावी आणि सोबतच्या पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. दुसऱ्या उपकरणाच्या वायरमधून वीज उचलली की त्याचा खरखराट स्क्रीनवर येतो. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धा अँपिअर घेणाऱ्या छोट्या यंत्राला कागदोपत्री १४ तास पुरते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल तर सात धरावेत. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या व रेडिओच्या वायरींपासून दूर न्यावी आणि ती लांब आहे म्हणून कापू नये; उरलेली गुंडाळून ठेवावी.

स्क्रीनवर उभ्या ठिपक्यांच्या रेघा दिसू लागल्या, तर गुन्हेगार शोधण्याची रीत सरळ आहे. इंजिन बंद, सगळे बंद, फक्त यंत्र चालू. मग इंजिन, पंप, दिवे, रेडिओ एकेक करून लावत जावे. सगळे बंद असतानाही रेघा येत असतील तर शेजारच्या होडीवर त्याच वारंवारतेचे यंत्र चालू आहे का ते पाहावे.

स्क्रीन वाचणे

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. स्क्रीन म्हणजे पाण्याखालचे चित्र नव्हे. उजव्या कडेचा एकच उभा पट्टा आत्ताचा असतो. डावीकडचे सगळे होऊन गेलेले. आडवा अक्ष वेळेचा, अंतराचा नव्हे. नांगरलेल्या होडीखाली एकच मासा स्थिर राहिला तर स्क्रीनभर लांबलचक रेघ उमटते, आणि नवखा तिला तळातली दोरी समजतो.

माशाची प्रसिद्ध कमान याच हिशेबातून येते. मासा शंकूच्या कडेला असताना त्याचे तिरपे अंतर जास्त, बरोबर खाली आला की सर्वांत कमी, मग पुन्हा जास्त. २० अंशांच्या शंकूत १० मीटर खोलीवर हा फरक फक्त १५ सेंटिमीटर. २० मीटर खोली दाखवणाऱ्या, ४८० ठिपके उंचीच्या स्क्रीनवर ते जेमतेम चार ठिपके. म्हणजे उथळ पाण्यात अरुंद शंकूने कमान जवळजवळ दिसतच नाही, जाडसर रेघच दिसते. कमानी दिसत नाहीत म्हणून यंत्राला दोष देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. ६० अंशांत तोच फरक दीड मीटरच्या वर जातो. सतत अर्धीच कमान दिसत असेल, तर ट्रान्सड्यूसर पुढे किंवा मागे कललेला आहे.

तळाची रेघही बोलते. मऊ चिखलात ध्वनी शोषला जातो, रेघ पातळ व फिकट येते. खडक वा घट्ट वाळूवर ती जाड, उजळ येते, आणि कधी दुप्पट खोलीवर तळाची दुसरी प्रत दिसते : ध्वनी तळ, पृष्ठभाग आणि पुन्हा तळ अशी फेरी करून आलेला. मधल्या पाण्यातला सलग पुसट पट्टा म्हणजे उबदार आणि गार पाण्यामधली सीमा असू शकते. उतारावर शंकूची उथळ बाजू आधी उत्तर देते, त्यामुळे खोल बाजूला तळालगत असलेले मासे त्या प्रतिध्वनीत बुडून जातात.

सुरुवातीला स्वयंचलित सेटिंग ठीक. नंतर संवेदनशीलता हाताने घ्यावी : स्क्रीनवर बारीक कचरा दिसेपर्यंत वाढवायची आणि एक-दोन पायऱ्या उतरवायची. पार स्वच्छ स्क्रीन छान दिसतो, पण त्यात छोटे मासे, आमिष आणि तो तापमानाचा पट्टाही पुसला गेलेला असतो. प्रतिध्वनीच्या जागी माशाची चित्रे दाखवणारी सोय बंद ठेवावी. पाणवनस्पती, बुडबुडे, बुडालेली फांदी, सगळ्यांचे ती मासेच करते.

यंत्र खोली मोजते ती ट्रान्सड्यूसरपासून. तो पाण्याखाली २० सेंटिमीटर असेल तर तेवढा फरक सेटिंगमध्ये भरता येतो. साधे यंत्र खाली पाहते, पुढे नाही. समोरचा खडक ते होडी त्याच्यावर आल्यावरच दाखवते.

निगा

होडी पाण्यातच राहत असेल तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ आणि कवचवाले जीव बसतात. ते मऊ कापडाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावेत, धातूने खरवडू नयेत. जीव बसू नयेत म्हणून लावायचा रंग ट्रान्सड्यूसरसाठीचाच घ्यावा. कीटोन असलेले रंग प्लास्टिक खातात. होडी दर वेळी बाहेर काढली जात असेल तर त्रास वेगळाच : कोरड्या, तेलकट तोंडावर पाण्यात उतरताना बारीक बुडबुड्यांचा पापुद्रा चिकटतो आणि पहिली काही मिनिटे स्क्रीन कोरा राहतो. साबणाच्या पाण्याने तोंड पुसून, होडी उतरवल्यावर त्यावरून एकदा ओले बोट फिरवले की तळ दिसू लागतो.