टिळक पंचांगाचा गणपती महिनाभर आधी का येतो?

२०१२ साली बहुतेक महाराष्ट्रात गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत ते ऑगस्टमध्येच येऊन गेले होते. चतुर्थी कोणाचीच चुकली नव्हती. वाद महिन्याचा होता, आणि त्याची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत.

त्या आधीची पंचांगं ग्रहलाघवावरून होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा हा शके १४४२ चा ग्रंथ. त्यांनी ज्या-कोज्यांची (साइन-कोसाइनची) कटकट काढून टाकली आणि गणित गावोगावच्या जोशांच्या आवाक्यात आणलं. पण आकाश पंचांगाशी जुळेनासं झालं. 'बाणवृद्धी रसक्षय' हा जुना दंडक घ्या: तिथी साठ घटिकांहून (एक घटिका म्हणजे २४ मिनिटं) पाचाने वाढते, सहाने घटते. प्रत्यक्षात ती ५० पासून ६७ घटिकांपर्यंत असते. एवढ्या फरकात एखादी एकादशी सहज दुसऱ्या दिवशी जाते.

केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास वेधाशी, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष निरीक्षणाशी, जुळणारं पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयामुळे त्याला पटवर्धनी म्हणू लागले. छत्र्यांनी मेषारंभ, म्हणजे राशिचक्र जिथून मोजायचं तो बिंदू, रेवती नक्षत्राच्या एका ताऱ्यापाशी धरला. पुढे त्यांचेच विद्यार्थी लोकमान्य टिळक या सुधारणेत उतरले. १९०४ ला मुंबईत परिषद भरली, नंतर पुण्यात आणि सांगलीत. दृक्गणित, म्हणजे आकाशात दिसतं त्याच्याशी जुळणारं गणित, हवं यावर बरंचसं जमलं, आरंभबिंदूवर जमलं नाही. टिळकांकडचे रेवतीला धरून राहिले (तेच टिळक पंचांग), तर व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष लावून धरला: चित्रा तारा आरंभबिंदूपासून बरोबर १८० अंशांवर यावा. सूर्यसिद्धांतात दोन्ही ताऱ्यांची स्थानं दिली आहेत, पण आकाशात ती एकदम जुळत नाहीत. मला विचाराल तर रेवतीचा तो तारा शहरात दिसतही नाही. चित्रा कोणीही बोट दाखवून सांगेल.

दोन बिंदूंत साधारण चार अंशांचं अंतर, म्हणजे सूर्याला चार दिवस. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला पडते. तिथी मात्र दोन्हीकडे तीच, कारण ती सूर्य-चंद्रातल्या १२-१२ अंशांच्या अंतरावर ठरते. आरंभ कुठेही धरा, हे अंतर बदलत नाही. महिना संक्रांतीवर, म्हणजे सूर्य नव्या राशीत जाण्यावर, ठरतो. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक.

२०१२ मध्ये एक अमावास्या १७ ऑगस्टला आणि पुढची १६ सप्टेंबरच्या सकाळी संपली. चित्रापक्षाची सिंहसंक्रांत पहिलीच्या आधी झाली, कन्यासंक्रांत दुसरीनंतर. मधला महिना कोरा, म्हणून अधिक भाद्रपद. टिळकांच्या हिशेबात कन्यासंक्रांत तीन-चार दिवस अलीकडे सरकून त्याच महिन्यात पडली. झाला निज, म्हणजे खरा भाद्रपद!

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या समितीने चित्रापक्षाशी जुळणारं अयनांश (आरंभबिंदू ठरवणारं माप) घेतलं आणि २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र शके १८७९ धरून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. भिंतीवरची कॅलेंडरंही आज बहुतांशी चित्रापक्षाचीच. तरी रत्नागिरीकडच्या काही घरांत टिळक पंचांग अजून चालतं. अशा वर्षी तिथल्या मूर्तिकाराला काही गणपती महिनाभर आधी तयार ठेवावे लागतात.